चोवीस तासांच्या शर्यतीत थरार कमी, हिशेब जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोवीस तासांच्या सांघिक माउंटन बाइक शर्यतीची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. बातमी आली हेच विशेष, एरवी सायकलिंग म्हणजे टूर द फ्रान्स आणि तेही जुलैपुरतं. पण बातमीभर थरार, झुंज, जिगर, आणि निकालात फक्त पहिले तीन संघ. ज्या शर्यतीत मी यंदा पहिल्यांदाच उतरले, ती मला त्यात कुठे सापडेना. मी शाळेत गणित शिकवते, पन्नाशीला आले आहे, आणि आमच्या चौघांच्या संघात सगळ्यात सावकाश चालवणारी मीच. म्हणून हे पत्र.

हा खेळ मुळात हिशेबाचा आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइट यांनी पहिली चोवीस तासांची माउंटन बाइक शर्यत भरवली. साचा तेव्हापासून तोच: संघातला एक जण ठरलेल्या वाटेवर फिरत असतो, बाकीचे तंबूत, आणि मुदतीत ज्यांच्या फेऱ्या जास्त ते पुढे. समजा, फेरीला एक तास लागतो. चौघांनी आळीपाळीने जायचं तर प्रत्येकाला तीन तास विश्रांती, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात आल्यावर ओले कपडे बदला, खा, सायकल धुवा, चेनला तेल द्या, आणि पुढच्या पाळीच्या अर्धा तास आधी उठून तयार राहा. झोपेला उरतो जेमतेम तास-दीड तास. म्हणून रात्री पुष्कळ संघ दोन फेऱ्या जोडून घेतात. दोन तास चालवायचं, सहा तास मोकळे. दुसरी फेरी मंदावते खरी, पण सलग झोप मिळते आणि पहाटे पायात जीव राहतो. आमच्या तंबूत यावर चांगलंच वाजलं. संघातल्या सगळ्यात वेगवान मुलाला (झोप हा प्रकारच त्याला मान्य नाही) हे पटायला उजाडावं लागलं.

सावकाश चालवणाऱ्याचं संघात काय काम, असं मला अनेकांनी विचारलं. फेरीमागे माझी दहा-पंधरा मिनिटं जास्त जात असतील. पण उतारावर घाई करून टायरची कड दगडावर फाटली तर ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे आत भरलेला छिद्र बुजवणारा द्राव, काट्याचं भोक बुजवतं, ही फाट मात्र नाही. मग अंधारात बसून ट्यूब घाला, हवा भरा. तेवढीच मिनिटं तिथे जातात. आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर सायकलला धरून ठेवणारा छोटा तुकडा, तुटला तर बहुतेक वेळा उरलेली फेरी पायीच. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या केप एपिक या अनेक दिवसांच्या माउंटन बाइक शर्यतीत तर दोघांच्या संघाला सोबतच चालवावं लागतं, दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं की दंड. तिथे वेगवान जोडीदाराने एकट्याने पुढे पळून उपयोगच नाही.

रात्रीच्या फेरीबद्दल मात्र बातमीत एखादा परिच्छेद हवाच होता. दिवे दोन लागतात, आणि दोघांची कामं वेगळी. हँडलवरचा दिवा खालून पडतो, त्यामुळे दगडामागे लांब सावली पडते आणि दगड केवढा, खळगा किती खोल याचा अंदाज येतो. हेल्मेटवरचा दिवा नजरेच्या रेषेतच पडतो, सावल्या दिसतच नाहीत. एकट्या त्याच्या भरवशावर सगळी वाट सपाट वाटते. पण वळण आलं की हँडलचा दिवा झाडीत आणि आपली नजर वळणापलीकडे. तिथे डोक्यावरचाच कामाला येतो. चढावर दोन्ही मंद करायचे, बॅटरी उतारासाठी राखायची. मागून कुणी ‘उजवीकडून येतोय’ म्हणून हाक दिली की बाजूला व्हायचं. पुढे जाणारा जवळपास प्रत्येक जण आभार मानून गेला. शहरातल्या रस्त्यावर मला हा अनुभव अजून यायचाय.

आमच्याकडे फेऱ्यांची नोंद करणारी टायमिंग चिप घोट्याला पट्ट्याने बांधलेली होती, आणि फेरी संपली की ती पुढच्याला द्यायची. चिखल भरलेला वेल्क्रो गारठलेल्या बोटांना दाद देत नाही. येणारी मी पाय पुढे करून उभी, जाणारा वाकून पट्टा ओढतोय, आणि तेवढ्यात सांगायचं काय, तर ‘ओढ्यानंतर डावीकडून घे, झाड आडवं पडलंय, मागचा ब्रेक जपून.’ पावसात रेझिनचे ब्रेक पॅड एका रात्रीत पाठीच्या पत्र्यापर्यंत झिजतात. तुमच्या बातमीदाराने ही अदलाबदल होते तिथे अर्धा तास काढला असता, तर शर्यत म्हणजे काय ते आपोआप कळलं असतं.

खरी चुरस तर त्यांच्या नजरेतूनच सुटली. पहिल्या क्रमांकाचा निकाल पहाटेच लागल्यात जमा होता. मधल्या फळीत मात्र शेवटच्या तासापर्यंत तीन संघ सारख्याच फेऱ्यांवर. आमच्या शर्यतीचा नियम असा की, दुपारी बाराच्या आत सुरू झालेली फेरी धरली जाते. म्हणजे आधीचा गडी ११.५८ ला पोचला तर आणखी एक फेरी, १२.०१ ला पोचला तर खेळ खलास. एका संघाने आपला माणूस रेषेच्या अलीकडे मुद्दाम थांबवला, कारण पुढे जायला कुणाच्या पायात त्राणच नव्हतं! नियमात बसतं की नाही यावर तिथे अजून वाद चालू असेल.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी सगळ्या संघांच्या फेऱ्या छापाव्यात, आणि जमल्यास प्रत्येक संघाची सर्वांत जलद व सर्वांत संथ फेरीही. नवख्याला त्या दोन आकड्यांवरून आपण यात बसतो का, ते लगेच कळतं. ‘मृत्यूशी झुंज’ वाचून तो घरीच बसतो, आणि तो नाही बसला तर घरचे बसवतात. जागेची अडचण असेल तर विजेत्यांचा फोटो थोडा लहान करावा. एरवीही हेल्मेट आणि चिखलामुळे त्यात कुणी ओळखू येत नव्हतं.

आपली,
एक गणित शिक्षिका