मयताच्या घरी नरक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती लोकांचा देव आधी माणसाला स्वातंत्र्य देतो आणि ते वापरले की नरकात टाकतो, अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. मी मिरजेतला, पिढीजात ख्रिस्ती. हा प्रश्न आमच्या चर्चच्या मंडळीतही विचारला जातो आणि तो दडपण्यात अर्थ नाही.

यावर ख्रिस्ती विचारात एकमत कधीच नव्हते. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा धरून होता. चर्चने ते नाकारले. कोणाचे तारण व्हायचे, म्हणजे पापातून कोणाची सुटका व्हायची, हे देवाने आधीच ठरवले आहे, असे सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने शिकवले. ते मला कधीच पटले नाही. नरक म्हणजे देवापासून स्वतःहून कायमचे तुटलेल्यांची अवस्था, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1999 साली सांगितले, ते पटते. ‘नाही’ म्हणायची मुभाच नसेल, तर देवावरच्या प्रेमाला काय किंमत?

पण एवढ्याने सगळ्या दुःखाचा उलगडा होत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, जीव वाचवायला निघालेल्यांची बोट उलटली. त्यातल्या बायका-पोरांनी कोणते स्वातंत्र्य चुकीचे वापरले होते? तरीही ‘पापाचे फळ’ म्हणणारी माणसे भेटलीच. आमच्यातलीही होती, याचे मला फार वाईट वाटते. कारण शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती का, असे विचारून येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटल्याचे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात आहे. पश्चात्ताप करा, असेही तो लगेच सांगतो, पण ते समोर उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांवर तो ठपका ठेवत नाही. बायबलमधल्याच ईयोब या सज्जन माणसाच्या दुःखाला त्याचेच पाप कारण, असे बजावणाऱ्या मित्रांवर तर देवच संतापतो.

महारोग म्हणजे पापाचा रोग, असे लोक उघड बोलत त्या काळी आमच्या मिरजेत मिशनऱ्यांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. जखम धुताना रोग्याचे पाप कोणते, हे कोणी विचारत बसले नाही.

म्हणून पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. नरकाविषयी रविवारच्या उपदेशात जरूर बोला. मात्र ज्या घरात मूल गेले आहे किंवा कुणी आत्महत्या केली आहे, तिथे तो विषय काढू नका. तिथे आईजवळ बसा आणि तिला बोलू द्या.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)