कार सीट हे जादा सामान नव्हे : नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टमध्ये किंवा मुलांच्या खास आसनात, म्हणजे कार सीटमध्ये, बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. लहान मुलाची आई म्हणून मला हा कायदा मनापासून पटतो. पण रस्त्यावर सरकार ज्या कार सीटचा आग्रह धरतं, तीच कार सीट विमानतळाच्या दारातून आत शिरली की कुणाच्या खिजगणतीत नसते. हा विषय आपल्या खात्याचा आहे, म्हणून हे पत्र.

आपण पुण्याचे खासदार आहात, त्यामुळे हा प्रवास आपल्याला नव्याने सांगायला नको. अमेरिका-युरोपातून पुण्याला येणारी कितीतरी कुटुंबं मुंबईला उतरतात आणि रात्री-अपरात्री टॅक्सी करून द्रुतगती मार्गाने घरी जातात. लांबच्या विमानप्रवासाने आई-बाप शिणलेले, बाळ पेंगुळलेलं आणि पुढे बोरघाट. कार सीटची खरी गरज असते ती नेमकी इथे. टॅक्सीत ती मिळत नाही, म्हणून ज्यांना मुलाची काळजी आहे ते आपली आपण घेऊन येतात. आठ-दहा किलोचं अवजड धूड, त्याला ना धड मूठ ना चाकं. एका हातात ते, कडेवर मूल, खांद्याला पिशवी आणि पासपोर्ट कुठे ठेवला याची धाकधूक.

चेक-इनच्या खिडकीवर काय होईल ते समोरच्या माणसावर अवलंबून. एक जण हसून टॅग लावतो आणि पैसे लागत नाहीत म्हणतो, दुसरा तीच सीट वजनकाट्यावर ठेवायला सांगतो. देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलोच सामान नेता येतं. त्यात सीट मोजली तर कपड्यांना काय उरणार? मग सुरक्षा तपासणी. मोठी सीट एक्स-रे यंत्राच्या तोंडात मावत नाही. ती हाताने तपासायची की परत चेक-इनला पाठवायची, याचा निर्णय होईपर्यंत मागची रांग खोळंबते. जवान बहुतेक वेळा समजूतदार असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या हातात स्पष्ट लेखी सूचना हवी, आणि ती देण्याचं काम आपल्याच मंत्रालयाच्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोचं आहे.

सीट सामानात टाकली की खरा घोर लागतो. तिच्या कापडी आवरणाखाली थर्मोकोलसारखा थर असतो. अपघातात बाळाच्या डोक्याला बसणारा धक्का तोच शोषून घेतो. सीट उंचावरून आदळली तर त्या थराला तडा जाऊ शकतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणूनच जोराचा आघात बसलेली सीट पुन्हा वापरू नका, असं उत्पादक बजावतात. एकदा आमची सीट सामानाच्या पट्ट्यावर आली ती डोक्याच्या बाजूचं प्लास्टिक चिरलेलं. मी आवरण उचकटून पाहिलं, तर आतला पांढरा थर बोटभर फुटला होता. काउंटरवरच्या मुलीने तक्रार लिहून घेतली, ती नीटच वागली. पण पुढे तीन-चार तासांचा रस्ता होता आणि दुसरी सीट देण्याची सोय तिच्याकडे नव्हती, विमानतळावरही नव्हती. तो सगळा रस्ता मी माझ्या लेकीला छातीशी कवटाळून बसले होते. गाडी जोरात थांबली तर आईच्या हातांत तेवढं बळ नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

विमानाच्या आतही हाच प्रश्न आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. त्यात चार लहानगी आई-बापांच्या मांडीवर होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना खाली पायांशी ठेवायला सांगितलं गेलं. त्यांतलं एक बाळ दगावलं. त्या विमानातल्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन मिळावं म्हणून झगडण्यात घालवली. अमेरिकेने ते सक्तीचं केलं नाही. तिकिटाचा खर्च वाढला तर लोक मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त जीव जातील, हे त्यामागचं कारण. ते मला समजतं आणि मीही सक्ती मागत नाही. पण तिथे मुलाचं तिकीट काढलं की मान्यताप्राप्त सीट विमानात बांधता येते. विमानासाठी चालणाऱ्या सीटवर तसं लाल अक्षरांत छापलेलं असतं, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. आपल्याकडे पूर्ण तिकिटाचे पैसे भरूनही दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला पटवत बसावं लागतं.

दिव्यांग प्रवाशांच्या चाकाच्या खुर्चीसाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम आहेत. बारा वर्षांखालच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या, असं एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनेच विमान कंपन्यांना बजावलं. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं.

तेव्हा एक परिपत्रक काढावं. मुलासोबतची कार सीट सर्व देशांतर्गत कंपन्यांनी वजनमर्यादेबाहेर आणि विनाशुल्क न्यावी. ती विमानाच्या दाराशी घ्यावी आणि तिथेच परत द्यावी, पट्ट्यावर फेकू नये. मुलाचं स्वतंत्र तिकीट असेल तर कोणत्या मानकाची आणि किती रुंदीची सीट विमानात चालेल, हे तिकीट काढतानाच छापील स्वरूपात कळावं. आणि विमानतळावरच्या टॅक्सी ठेक्याच्या अटींत भाड्याने मिळणाऱ्या कार सीटचा समावेश करावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापासून सुरुवात करता येईल. तिथली घडी अजून बसायची आहे तोवर हे सोपं जाईल, आणि पुण्याला जाणारा रस्ता तिथूनही तोच आहे.

उन्हाळी सुट्टीत नातवंडांना घेऊन येणाऱ्यांची गर्दी सुरू होते. त्याआधी हे परिपत्रक निघावं आणि त्याचं मराठी भाषांतर राज्यातल्या प्रत्येक विमानतळाच्या चेक-इनपाशी लागावं, ही विनंती. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक आई, पुणे