त्रुटी एकदाच सांगा, लेखी सांगा

माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी

महोदय,

सप्रेम नमस्कार. कारभार सुधारायचा, अधिकाऱ्यांना उत्तरदायी करायचे, हे आपण जाहीरपणे बोलता. त्या शब्दांवर विश्वास ठेवूनच हे लिहीत आहोत.

गोव्यात कायद्यांची वाण नाही. माहिती हक्काचा कायदा देशात 2005 मध्ये आला, गोव्याने स्वतःचा 1997 मध्येच केला होता. नागरिकांना ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा 2013 चा आहे. तरीही मामलेदार (तालुक्याचे महसूल अधिकारी) कचेरीच्या खिडकीवर माणूस अडतो. नेमका कुठे, ते सांगतो.

जमिनीच्या नोंदीचा जो एक-चौदाचा उतारा, त्यावर वारलेल्या आजोबांचे नाव आहे. वारसाचा दस्त, मृत्यूचा दाखला, उतारा जोडून वारस म्युटेशनचा, म्हणजे नोंदीतले नाव बदलण्याचा, अर्ज देतात. काही आठवड्यांनी खिडकीवर तोंडी कळते, धाकट्या मुलाच्या पत्नीचे नाव राहिले आहे. हरकत रास्त आहे, कारण आपल्या नागरी कायद्यात सहसा पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. नाव घालून अर्ज पुन्हा जातो. मग मुंबईच्या बहिणीचा पत्ता अपुरा म्हणून नोटीस परत येते. त्यानंतर दस्ताची झेरॉक्स चालत नाही, प्रमाणित प्रत हवी. या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी कागद उलटून पाहिले असते तर दिसल्या असत्या. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून येणाऱ्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस.

आणि मुदत? त्रुटी दाखवून परत केलेला अर्ज निकाली धरला, नव्याने आलेल्याला नवा क्रमांक दिला, की दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. असे जिथे चालते तिथे माणसाचे आठ महिने जातात आणि नोंदीत एकही अर्ज मुदतीबाहेर दिसत नाही. मंत्र्यांपुढे येणारा आढावा मग चांगलाच येणार. ऑनलाइन अर्जानेही हे सुटत नाही. ‘कागदपत्रे अपुरी’ एवढेच उत्तर पडद्यावर आले तर खिडकी फक्त घरी आली, इतकेच.

माहिती हक्क कायद्याचे कलम 4(1)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यायची. ती मागावी लागू नयेत, हाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात फाइल का अडली हे कळण्यासाठीच लोक माहिती अर्ज टाकतात आणि आणखी 30 दिवस थांबतात. माहिती द्यायला विनाकारण उशीर झाला तर दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड आहे. लोकायुक्त, दक्षता खाते यांची दारे आहेत, पण वारसाचे नाव चढत नाही म्हणून तिथे कोण जाणार?

आमचे मागणे साधे आहे. अर्ज आल्यापासून सात दिवसांत सगळे कागद एकदाच तपासावेत आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात द्याव्यात. प्रत्येक त्रुटीपुढे तिचा नियम, खाली अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, तारीख. नंतर नवी हरकत काढायची तर ती नव्या कागदातूनच निघालेली असावी. त्रुटी पुरी होईपर्यंत मुदत थांबावी, पण क्रमांक जुनाच राहावा. बदली झालेल्या अधिकाऱ्याने पदभार देताना पडून असलेल्या फायलींची यादी सही करून द्यावी, नाहीतर नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

दंडाची घाई मात्र करू नये. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे असतील, जोडीला निवडणुकीचे काम असेल, तर दंड लावून काम वाढत नाही, अर्ज परत करण्याची घाई वाढते. आधी रिकाम्या जागा भरा.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक कचेरीच्या दारावर फलक लागावा. किती अर्ज आले, किती मंजूर, किती परत, आणि सगळ्यात जुना अर्ज किती दिवसांचा. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण सरासरीत तो माणूस हरवतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. बाराही तालुक्यांच्या मामलेदार कचेऱ्यांपासून, फक्त म्युटेशनच्या अर्जांपुरते सुरू केले तरी चालेल.

आपले नम्र,
कचेऱ्यांबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारे काही जण