साक्षगंधाची अंगठी घेण्याआधी

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला अंगठीचा फोटो पाहिला. देखणी आहे गड्या, पण पैसे भरायच्या आधी हे वाच.

तुझ्या वहिनीची अंगठी मी अशीच मोबाइलवर पाहून मागवली होती. पहिल्याच वेचणीला पंचाईत झाली. खडे धरणारी बारीक नखं वर आलेली; बोंडातून कापूस ओढला की तंतू त्यात अडकायचा. ती थांबून दातानं तो काढायची. तिसऱ्या वेचणीनंतर हात धुताना पाहते तर एका खड्याची जागा रिकामी, नुसतं काळं भोक. धुऱ्यापासून अंगणापर्यंत आम्ही कंदील घेऊन शोधलं. विकणाऱ्यांनी 'वापरताना पडला' म्हणून हात वर केले. तिचा तो चेहरा आठवला की अजून पोटात कालवतं.

म्हणून तुझी होणारी बायको शेतात राबणार असेल तर खडे सोन्याच्या खाचेत दाबून बसवलेले, वरून बोट फिरवलं तर कुठं न टोचणारी अंगठी घे. 'चॅनल सेटिंग' म्हणतात त्याला. चौफेर खड्यांची तर नकोच, पुढं बोट जाड झालं की ती वाढवणं जवळपास अशक्य. माप दोऱ्यानं घ्यायला सांग, पण संध्याकाळी. सकाळच्या थंडीत बोट बारीक असतं. पेरावरून अंगठी सरकली पाहिजे, तेही माप घे. पट्टी रुंद असेल तर ती आणखी घट्ट बसते.

फोटोखाली ०.३० कॅरेट लिहिलंय, ते हिऱ्यांचं वजन, सगळ्या खड्यांचं मिळून आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. ०.३० कॅरेटचा एकच खडा कितीतरी महाग पडतो, म्हणून त्या भावाशी हिची तुलना करू नको. हिरा खाणीतला की लॅबमध्ये बनवलेला, हे बिलावर लिहून घे. लॅबचा काही खोटा नसतो, पण तो स्वस्त मिळायला हवा आणि परत विकताना त्याला फार कमी पैसे येतात. सोनाराकडचं साधं टेस्टर दोन्हींना हिराच म्हणतं, त्यावर विसंबू नको. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट असेल तर त्यावरचा नंबर त्यांच्याच वेबसाइटवर टाकून पाहा.

सोन्यावर हॉलमार्क, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेची खूण, १८ कॅरेट (इथं कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता) असेल तर ७५० हा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-अंकी नंबर, पाहा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि तुझी अंगठी फोटोत मला बारीकच वाटली. वजन आधी विचार. बिलात सोनं, हिरे, घडणावळ वेगवेगळी मागून घे. परत घेताना सोन्याचे किती, हिऱ्यांचे किती कापणार, तेही लेखी.

पार्सल दारव्ह्यालाच मागव, मी सोडवून ठेवतो. तू आलास की दोघं मिळून फोडू, मी व्हिडिओ काढतो. भिंगही आणतो. साक्षगंधाला वहिनी आणि मी आदल्या दिवशीच येतो.

तुझाच,
प्रकाश