टाकीचं झाकण सैल करायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमच्या चेनसॉ दुरुस्तीच्या दुकानात तुमच्यासमोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं मशीन ओढून घेता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. सूनबाई वाचून दाखवतील तेव्हा मधेच उठून जाऊ नका. दुसरं म्हणजे, आमच्या धंद्यात नव्याने उतरणारी पोरं आता बरीच दिसतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणी ना कुणी दोर आणि चेनसॉ घेऊन झाडावर चढू लागलंय. त्यांच्याही कानावर हे पडलेलं बरं.

झाडं उतरवायचा धंदा म्हणजे छातीचं काम, असं लोकांना वाटतं. वर चढणारा दिसतो, फोटो त्याचाच निघतो. खाली दोर धरून उभा असलेला दिसत नाही, आणि म्हापशात तेलकट बाकड्यावर बसून चेनचे दात घासणारा तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पण आमचा दिवस वाया जाणार की कमाईचा ठरणार, हे बहुतेक वेळा त्या बाकड्यावरच ठरतं.

आमच्या कामात खरी टंचाई असते ती वेळेची. घरावर आलेला आंबा, रस्त्यावर झुकलेलं पावसाळी शिरीष, शेजाऱ्याच्या कौलांवर नारळ टाकणारा माड. या सगळ्यांची आठवण लोकांना मे महिन्यात होते. त्याआधी कुणी फोन करत नाही. मग १९८४च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी काढायची. (माडाचं तर काय सांगायचं! २०१६ साली त्याला कायद्यातल्या झाडांतून काढलं, पुढच्याच वर्षी राज्यवृक्ष म्हणून मानाने परत आणलं. त्या मधल्या काळात गिऱ्हाइकांना नियम समजावताना माझीच जीभ अडखळायची.) परवानगी हातात आली की वीज खात्याकडे शटडाऊन मागायचा. लाईनमन येतो, लाईन बंद करतो, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. अख्खा वाडा, म्हणजे गावातली ती सगळी वस्ती, पंख्याविना बसलेला. म्हाताऱ्या बायका दारात येऊन विचारतात, "झालं काय रे?" अशा वेळी मशीन रुसलं तर पुढचा शटडाऊन कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि पाऊस काही आमच्यासाठी थांबत नाही.

बार्देशातल्या त्या आंब्याच्या दिवशी नेमकं हेच झालं. तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला असे फोन रोजच येतात. भाऊ वर दोरावर, जाड फांदी अर्धी उतरवलेली, लाईनमन दोनदा घड्याळ बघून गेलेला. मशीन एका ओढीत चालू व्हायचं, थोडा वेळ छान चालायचं आणि मग हळूहळू मरायचं. प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला, काही फरक नाही. तुम्हाला फोन लावला. "कितें जालें?" एवढंच विचारलंत आणि मला पूर्ण बोलू दिलंत. मग एकच प्रश्न केलात: बंद पडल्यावर जरा वेळ ठेवलं की परत चालू होतं का? होतं, म्हटलं. "टाकीचं झाकण सैल कर आणि कान लाव."

झाकण फिरवलं तर सूं करून हवा आत गेली. आदल्या दिवशी आम्ही फणस कापला होता. त्याचा चीक आणि भुसा मिळून टाकीचं हवेचं भोक बुजलं होतं. जितकं पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळेनासं होतं. हे तुम्ही मला नंतर दुकानात टाकी उघडून दाखवलंत. फोनवर मात्र फक्त इतकंच म्हणालात की भोक ब्रशने साफ कर, आणि झाकण सैल ठेवून काम करू नको, पेट्रोल मांडीवर सांडेल. तासाभरात फांदी खाली होती, वाड्यात दिवे होते. पुढच्या वेळी पैसे द्यायला आलो तर म्हणालात, फोनचे पैसे कंपनी घेते.

आता तौक्ते वादळाचं. १६ मे २०२१, रविवार. वादळ किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि गोव्यात जिकडेतिकडे झाडं आडवी. त्यात कोविडची संचारबंदी, दुकानं दुपारपर्यंतच, आणि तीही फक्त गरजेच्या वस्तूंची. तुमचं शटर बंद. वीज तर कित्येक गावांत काही दिवस नव्हतीच. अग्निशामक दलाची माणसं रात्रंदिवस रस्ते मोकळे करत होती. पण लोकांच्या अंगणातली, गोठ्यावरची, विहिरीवरची झाडं आमच्या वाट्याला आली होती. वादळात पडलेलं झाड कापणं म्हणजे मातीतच काम. मुळांना तांबडी माती आणि चिऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात, आणि चेन एकदा मातीला लागली की तिची धार गेलीच म्हणून समजा. वर माडाची खोडं. बाहेरून इतकी कठीण आणि तंतुमय की चांगली चेनसुद्धा त्यांच्यापुढे लवकर हात टेकते. दुपारपर्यंत आमच्याकडच्या सगळ्या चेन बोथट व्हायच्या.

तुमच्या ग्राइंडरला वीज नव्हती. तुम्ही घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, खुर्ची टाकून बसलात, मांडीवर गोणपाट, हातात कानस. आम्ही अस्नोड्याहून चेनची पिशवी घेऊन यायचो आणि गेटवर लटकवून जायचो. संध्याकाळी तीच पिशवी तिथेच, सगळ्या चेन घासून, तेलात बुडवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एका चेनवर किती दात असतात आणि प्रत्येक दाताला किती वेळा कानस मारावी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या पिशवीची किंमत कळेल. आम्ही एकटेच नव्हतो. गेटवर आणखीही पिशव्या असायच्या.

आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही ते केलंत ज्याबद्दल मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं. आमच्या पोरांना बोलावून घेतलंत आणि कानस धरायला शिकवलंत. धार लावणं हा तुमच्या दुकानाचा रोजचा गल्ला. दुरुस्ती कधी येते, कधी नाही, धार मात्र रोज येते. तीच तुम्ही आम्हाला फुकट देऊन टाकलीत. तुमच्या मुलाने तेव्हा नाक मुरडलं होतं, मी पाहिलं. तुम्ही म्हणालात, म्हापशाला यायला जमलं नाही म्हणून कुणी बोथट चेन घेऊन झाडावर चढायला नको.

जे शिकवलंत ते इथे लिहून ठेवतो, इतरांना कामाला येईल. चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराप्रमाणे, गोल कानस घ्यायची. आमच्या ०.३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची, छोट्या मशीनच्या बारीक चेनला ४ मिलिमीटरची. दाताच्या माथ्यावर बहुतेक चेनला ३० अंशांची रेघ असते, तिच्याशी समांतर धरायची. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची. उजव्या दातांना जितके फेरे, डाव्यांनाही तितकेच. नाहीतर काप एका बाजूला वळत जातो आणि माणूस मशीनला दोष देतो. दात घासून घासून बुटके झाले की पुढची उंची-पट्टी (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा उंचवटा) सपाट कानशीने जरा उतरवायची, पण हात राखून. ती जास्त उतरली तर चेन लाकडात घुसते आणि मशीन अंगावर उसळतं. आणि ओळखायचं कसं, तर खाली बघून. धार असलेली चेन ढलप्या टाकते, बोथट चेन पीठ. पीठ पडायला लागलं की थांबायचं. मशीनवर जोर द्यायचा नाही. वर झाडावर जोर देणारा माणूस लवकर दमतो, आणि दमलेला माणूस कुठे पाय ठेवतो ते त्यालाच कळत नाही.

(आंब्याच्या खोडात सापडणारे खिळे हा वेगळाच विषय. कपड्यांची दोरी, दुकानांच्या पाट्या, चतुर्थीतल्या दिव्यांच्या माळा. सगळं झाड निमूट आत घेतं आणि वर साल चढवतं. मग आमची नवी चेन एका क्षणात भंगार. मालक वर म्हणतो, आमच्या झाडात खिळा? शक्यच नाही.)

पेट्रोलचंही तुम्हीच डोक्यात बसवलंत. लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल, म्हणजे ५०:१, हे बाटलीवर लिहिलेलं असतं, कुणीही वाचेल. पण पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेला पाण्याची काय कमी! मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये आठवडे पडून राहिलं की खाली पाणी उतरतं, कार्ब्युरेटरचा पडदा ताठ होतो, आणि ऐन मोक्याला मशीन दगा देतं. म्हणून लागेल तेवढंच मिसळायचं, आणि मशीन बरेच दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच कोपऱ्यात. चेनचं तेल वेगळं, तेही विसरायचं नाही. हे सगळं ऐकायला सोपं आहे. पण श्रावणात तुमच्या दारात लागणारी रांग बघितली की कळतं, किती जण ऐकतात ते.

एकदा मी तुमच्यावर चिडलो होतो, तेही सांगतो. चढायच्या पट्ट्याचा एक हूक वाकला होता. नवा मागवायला वेळ लागणार, पैसेही बरेच. तुमच्याकडे वेल्डिंगचं मशीन होतंच. तुम्ही तो हूक उलटसुलट करून पाहिलात आणि भंगाराच्या डब्यात टाकलात. "ज्याला माणूस लटकतो ते मी वेल्ड करत नाही." मी वाद घातला. तुम्ही पाठ फिरवली. त्या आठवड्यात एक काम हातचं गेलं. मात्र धार लावताना बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पकडायला झाडाच्या खुंटात ठोकायचा शिकंजा तुम्ही आनंदाने बनवून दिलात, आणि पिकअपमध्ये दोर व पेट्रोल वेगळे राहावेत म्हणून पत्र्याची पेटीही. पेट्रोलचा डाग पडलेला दोर मी तेव्हापासून चढायला वापरत नाही. खाली ओझी बांधायला ठेवतो.

आणि तुमच्या खिळ्यावर लटकणारं ते स्प्रॉकेट, चेन फिरवणारं दातेरी चाक. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तुम्ही पहिल्यांदा विचारता, "पँट खंय?" पँट कुठे, म्हणजे चेन अडवणारी, आत धाग्यांचे थर असलेली पँट. पोरं हसतात. मे महिन्यात गोव्यात ती घालायची म्हणजे उकडून निघणं, हे मलाही मान्य आहे. मग तुम्ही ते स्प्रॉकेट काढून दाखवता, धाग्यांनी गच्च गुंडाळलेलं. चेन पँटला लागली, धागे ओढले गेले, चाक जाम झालं, मशीन थांबलं. ज्याचं ते होतं तो आजही काम करतो, दोन्ही पायांवर. आमच्या पोरांनी त्या दिवसापासून कुरकुर केली, पण पँट घातली.

मला मोठं, महागडं मशीन घ्यायचं होतं तेव्हाही तुम्ही अडवलंत. वर चढणाऱ्याला वरून धरायचं हलकं मशीन लागतं, खाली बुंध्याला मध्यम पुरेसं आहे, बाकी हौस, असं म्हणालात. ते पैसे मी दोन नवे दोर आणि चांगल्या हेल्मेटांवर घातले. विकणाऱ्या दुकानदाराने मला हा सल्ला कधीच दिला नसता. अर्थात, तुमचं दुकान विक्रीचं असतं तर तुम्हीही दिला असता का, हा प्रश्न तुम्हाला विचारायचा राहिलाच.

काका, या वेळी एक काम आहे. आमचा धाकटा कानशीत आता माझ्यापेक्षा हुशार झालाय. त्याला कार्ब्युरेटर शिकायचाय. जून-जुलै पडझडीचा, तेव्हा त्याला सोडता येणार नाही. श्रावणात काम जरा ओसरलं की आठवड्यातून दोन दिवस त्याला तुमच्याकडे पाठवू का? शुक्रवार सोडून. बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि तो उशिरा पोचला की तुम्ही रागावणार. पगार नको. डबा तो घरून आणील. चहाचं तेवढं तुम्ही बघा, आणि मुलाला सांगा, या खेपेला नाक मुरडू नको. धाकटा तुमच्याकडचं धार लावायचं, गल्ल्याचं काम करूनच शिकेल, फुकट नाही.

जुनं निळं मशीनही त्याच्याबरोबरच पाठवतो. क्लच घसरतोय बहुतेक. पळोवया, बघूया, असं तुम्ही म्हणालच.

आपला,
डिचोलीचा झाडवाला
(तुमच्या मोबाईलमध्ये माझं नाव असंच आहे, सूनबाईंनी सांगितलं)