काठावरचं नाव

भगूर, नाशिक
रविवार

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही "हां, हां" म्हणता तेव्हा तुम्हाला काहीही ऐकू आलेलं नसतं, हे मला आता पक्कं कळलंय. म्हणून लिहितेय. आईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. (आई, तूही वाच, पण नंतर.)

रंगकामाचं आधी सांगते. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर राहिलंय. रंगारी मध्ये दोन दिवस उगवलाच नाही. माळ्यावरची तुमची काळी ट्रंक खाली काढली. पांढऱ्या रंगातला नंबर अजून स्वच्छ वाचता येतो, नाव मात्र अर्धं गंजाने खाल्लंय.

तुमची नात 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, शाळेत तुमची मेडल्स लावून जाणार होती आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर न ऐकताच मान डोलावलीत. मी तिला जाऊ दिलं नाही. तुम्ही रागावलात असं दादा म्हणाला. तेच सांगायला बसलेय.

रिबनी पार विरल्या होत्या, म्हणून मेडल्स घेऊन देवळाली कॅम्पात लॅम रोडला गेले. तिथे वर्दी शिवणारे एक म्हातारे टेलरमास्तर आहेत, मेडल्स ओळीने बांधूनही देतात. त्यांनी तुमची ओळ बटणांच्या बाजूने वाचायला घेतली, भटजी पत्रिका वाचतो तशी. ऑपरेशन विजय स्टार बघितला आणि म्हणाले, "कारगिल. तोफखाना का?" मी हो म्हटलं. "मग कानाचं कसं आहे?"

मला हसूच आलं आणि मग आलं नाही. शाळेत असताना तुम्ही पालकसभेला यायला निघालात की मी पोट दुखतंय म्हणून घरी बसायचे, ते आठवलं. बाई काही विचारायच्या आणि तुम्ही भलतंच उत्तर द्यायचात, तेही परेड ग्राउंडवर दिल्यासारखं. आई म्हणायची, ह्यांचे कान द्रासला राहिले. मला वाटायचं ही गंमत आहे. थंडीत देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीतली ताटं थरथरायची. आवाज आम्हाला यायचा, तुम्हाला नाही. पण जेवताना तुमचा हात ताटावर असायचा आणि तो मध्येच थांबायचा.

मास्तरांनाच विचारलं, नातीने लावली तर चालतात का? ते म्हणाले, डावी बाजू ज्याची मेडल्स त्याचीच. शहिदाच्या घरच्यांनी लावायची तर उजवीकडे, तीही श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात. लष्कराने 2019 साली तशी परवानगी दिली आहे. बास, मी तिथेच ठरवलं. डावी बाजू आपली नाही आणि उजवी, देवाच्या दयेने, आपल्याला लागत नाही. छकुली दोन दिवस गाल फुगवून होती. तुम्हीही फुगवा हवे तर.

पण खरी गोष्ट ही नव्हे.

तुमची सगळी मेडल्स ब्रासोने चकचकीत असतात, खांद्याकडचं शेवटचं, नऊ वर्षांच्या सेवेचं, तेवढं कायम मळकट. लहानपणापासून मी ते तसंच बघतेय. मास्तरांनी ते उलटंपालटं केलं, भिंग लावून काठावरची अक्षरं वाचली आणि माझ्याकडे वहीवर लिहायला नाव मागितलं. मी तुमचं सांगितलं. ते म्हणाले, "बाकी सगळ्यांवर हेच आहे. ह्याच्यावर नाही."

मीही भिंगातून पाहिलं. नंबर वेगळा, नाव वेगळं. नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे.

घरी येऊन आईला फोन केला. आई, तू इतकी शांत होतीस की मला तुझाच राग आला. तू म्हणालीस की बाबा आणि ते मेडलवरच्या नावाचे काका, दोघं एकाच दिवशी भरती झाले, नाशिकरोडला शेजारच्या खाटांवर ट्रेनिंग केलं, एकाच गनवर आले. एका परेडच्या आदल्या रात्री पॉलिश करताना मेडल्सची अदलाबदल झाली आणि पुढच्या सुट्टीत बदलून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. मग 99 उजाडलं. सव्वीस वर्षं तुला हे माहीत होतं!

मला त्या उन्हाळ्यातलं आठवतं ते एवढंच की तू सकाळी पेपर आला की आधी मधलं पान उघडायचीस, बोटाने नावं खाली सरकवत जायचीस आणि मग चहा टाकायचीस. त्या लढाईत आपले 527 जवान गेले. काकांचं नाव वाचलंस त्या दिवशी तू चहा टाकला नाहीस. मी बारा वर्षांची होते, मला वाटलं दूध नासलं असेल.

बाबा, तुम्ही मला एकदा नाशिकरोडच्या परेडला नेलं होतं. मी विचारलं होतं, तुमचा झेंडा कुठाय? तुम्ही गनकडे बोट दाखवलंत. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, गन हेच निशाण, ते सोडून कुणी हलत नाही. मी तेव्हा हे पाठांतराच्या वाक्यासारखं ऐकलं. दहा हजार फुटांच्या वर, धाप लागलेली असताना 45 किलोच्या आसपासचा एकेक गोळा उचलायचा, आणि समोरूनही गोळे येत असताना जागेवरून हलायचं नाही, म्हणजे त्या वाक्यात काय काय आलं, ते मला आत्ता कुठे दिसतंय.

काकांची ट्रंक त्यांच्या घरी गेली. म्हणजे तुमचं नाव कोरलेलं मेडल कोल्हापूरकडच्या त्या घरात आहे. फ्रेममध्ये असेल. किंवा काकू कार्यक्रमाला जाताना ते उजवीकडे लावत असतील, आणि त्या ओळीच्या टोकाला तुमचं नाव असेल, तुम्ही इथे धडधाकट असताना. ह्यावर मी दोन रात्री झोपले नाही, खरं सांगते.

तुम्ही ते का घासत नाही, हे मी विचारणार नाही. एकच विचारते, काकूंचा पत्ता शोधू का? की तुम्हा दोघांमध्ये जे ठरलं होतं ते तसंच राहू द्यायचं? काकूंना कळलेलंही असेल, आणि त्याही आपल्यासारख्याच गप्प असतील.

दादाच्या मोबाईलवरून टाईप करून पाठवू नका. तुमच्या अक्षरात हवं. मास्तरांकडून मेडल्स आणली, नव्या रिबनींवर बांधून. शेवटचं बांधून घेतलं नाही. ते तसंच, न पुसता, आईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलंय. ट्रंकेत आहे, डाव्या कोपऱ्यात.

तुमची,
छकुलीची आई