साहाय्यक प्रशिक्षकांना पक्का करार हवा

महोदय,

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॅक्रॉसला, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या सांघिक खेळाला, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आणि तेव्हापासून या खेळाविषयी मराठीतही अधूनमधून वाचायला मिळते. मात्र ज्यांच्या श्रमांवर अमेरिकी महाविद्यालयांतील लॅक्रॉस चालतो, त्या साहाय्यक प्रशिक्षकांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते.

सामन्याआधी गोलरक्षकाचा सराव घेण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते. आधी संथ आणि कमरेच्या उंचीचे, मग गुडघ्याखाली टप्पा घेऊन उसळणारे आणि शेवटी कोपऱ्यात वेगाने घुसणारे फटके मारताना, गोलरक्षकाचा हात आधी हलतो की पाय, इकडे त्यांची नजर असते. प्रतिस्पर्ध्यांचा फेसऑफ (खेळ सुरू करताना मधोमध ठेवलेल्या चेंडूसाठी दोघांची झुंज) घेणारा खेळाडू शिटी वाजताच चेंडू कोणत्या बाजूला काढतो, हे त्यांनी आदल्या रात्री व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून टिपलेले असते. उन्हाळा महाविद्यालयासाठी नवे खेळाडू हेरत शालेय मुलांच्या क्लब स्पर्धांत जातो. २०१७ मध्ये झालेल्या नियमानुसार विद्यार्थी अकरावीच्या वर्षात पोहोचून १ सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याच्याशी प्रवेशाबाबत बोलता येत नाही. तोवर मैदानाच्या कडेला उभे राहून नोंदी ठेवायच्या. नववीतली मुलेही पुढे तिथेच खेळण्याचा शब्द महाविद्यालयांना देऊ लागली होती, त्यामुळे हे बंधन आवश्यकच होते.

एवढे काम करणाऱ्यांपैकी काहींना एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या (सर्वोच्च) श्रेणीत वर्षानुवर्षे ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ म्हणवून वेतनाविना राबवले गेले आणि त्यांना उन्हाळी शिबिरांच्या मिळकतीवर गुजराण करावी लागली. १ जुलै २०२३ पासून हा प्रकार बंद झाला, ते उत्तमच झाले. पण तो इतकी वर्षे चालू राहिला, याची खंत वाटते.

वेतनाइतकाच गंभीर प्रश्न स्थैर्याचा आहे. मुख्य प्रशिक्षक बदलला की नवा माणूस बहुधा आपले सहकारी घेऊन येतो आणि जुन्यांना, त्यांचे काम कितीही चोख असले तरी, कुटुंबासह दुसऱ्या राज्याचा रस्ता धरावा लागतो. मुख्य प्रशिक्षक होणे हा त्यावरचा उपाय सर्वांना उपलब्ध नाही, कारण पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत संघच जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास आहेत. नामवंत प्रशिक्षक बिल टियर्नी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे साहाय्यक असताना त्या संघाने १९८५ आणि १९८७ ची विजेतेपदे मिळवली आणि पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाला सहा वेळा अजिंक्य केले, ही वाटचाल सर्वांना माहीत असते. परंतु त्या सहाही विजेतेपदांत त्यांच्या सोबत असलेले डेव्हिड मेट्झबोवर २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ विजेते ठरले तेव्हा तिथेही साहाय्यकच होते. त्यांच्यासारख्यांची कारकीर्द अपुरी मानणे मला साफ चुकीचे वाटते; साहाय्यक प्रशिक्षण हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यात आयुष्य घालवणाऱ्याला तशीच प्रतिष्ठा मिळायला हवी.

त्यासाठी महाविद्यालयांनी साहाय्यकांशी किमान दोन-तीन वर्षांचे करार मुख्य प्रशिक्षकाच्या मुदतीशी न जोडता करावेत आणि नेतृत्वबदलामुळे कुणाला जावे लागलेच, तर कराराच्या उरलेल्या काळाचे वेतन व आरोग्य विमा त्याला द्यावा.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक